मदत हवी आहे: होरेशियसच्या पुलाचं जुनं एचिंग

नमस्कार मंडळी. रोममध्ये पोर्ता पोर्तेसेच्या रविवारच्या बाजारात एक जुनं एचिंग (धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून कागदावर काढलेला छाप) मिळालं. प्रसंग ओळखीचा: एत्रुस्कन राजा लार्स पोर्सेना रोमवर चालून आला, तेव्हा टायबरवरच्या लाकडी पुलाच्या तोंडाशी होरेशियस उभा ठाकला आणि मागे रोमनांनी पूल तोडला, ती इ.स.पू. ५०८ च्या सुमाराची आख्यायिका. (त्या लाकडी पुलाचंच नाव चालवणारा आजचा सुब्लिचिओ पूल त्या बाजाराला लागूनच आहे, त्यामुळे चित्र सोडवेना.)

मागे एक जण कुऱ्हाड उगारून वाकलाय, त्याच्या पाठीवरची रेघन् रेघ दिसते. कोपऱ्यात ‘पिनेल्ली, रोमा’ वाचता येतं, साल डागाखाली गेलंय. बार्तोलोमेओ पिनेल्लीने (१७८१–१८३५) रोमच्या इतिहासावर एचिंगची मालिका केली होती, त्यातलंच असावं. चित्राभोवती पत्र्याचा दाब बोटाला लागतो. पण ही त्याच्या काळातली प्रत की झिजलेल्या पत्र्यावरून नंतर काढलेली, हे कशावरून ओळखायचं?

शिवाय कागद पुठ्ठ्याला डिंकाने चिकटवलाय आणि तपकिरी ठिपके पसरताहेत. पुण्यात किंवा मुंबईत असे कागद सोडवून देणारं कुणी अनुभवी माहीत आहे का? स्वतः पाणी लावायला हात धजत नाही.