मदत हवी आहे: मे महिन्यात नाशिकच्या वायनरी आणि त्र्यंबक

म्हापसेकार:
म्हापशाहून गाडीने जाणार. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सत्तरी ओलांडलेले आईबाबा. गंगापूर धरणाकाठच्या वायनरी, त्र्यंबकेश्वर आणि जमलं तर एखादा डोंगर. नाशिकात तीन रात्री. बाबांचे गुडघे धड नाहीत. शाळेच्या सुट्टीमुळे मेचा पहिला आठवडा ठरतोय. चालेल का? क्रम कसा लावू?

वेलमांडव:
द्राक्षं बघायची असतील तर मे नकोच. तिकडे वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ती फक्त काडी तयार व्हायला. फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, पाऊस ओसरताना. भर पावसात घड धरले तर केवडा (वेलीचा बुरशीजन्य रोग) पडून हातचं जातं. फळछाटणीनंतर चार-पाच महिन्यांनी तोडणी, म्हणजे जानेवारी ते मार्च. मेमध्ये मांडवावर नुसती कोवळी पानं आणि डोक्यावर रणरणतं ऊन.

फेब्रुवारीत गेलात तर विचारून शिराझ या वाईनच्या काळ्या द्राक्षाचा एक मणी चुरडून बघा. लहान, जाड सालीचा, बियांचा. काळ्या सालीतून गर मात्र फिकाच निघतो. रंग सगळा सालीत, म्हणून रेड वाईन सालीसकट आंबवतात आणि व्हाईटचा रस आधीच वेगळा काढतात. स्वेटर घ्या, नाशिकची रात्र आपल्यासारखी नसते.

घाटवाट:
साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास आहे, एका दमात ओढू नका. कोल्हापूर किंवा पुण्यात मुक्काम करा. पुण्याहून येताना सिन्नर वाटेतच लागतं. तिथलं यादवकालीन गोंदेश्वर तेव्हाच उरका, नंतर उलटं तीस किलोमीटर कोण जातो? पंचायतन देऊळ आहे, म्हणजे मधे मोठं आणि भोवती चार लहान, सपाट आवारात, बाबांना निवांत फिरता येईल.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्र्यंबक. सोमवार टाळा, आणि फेब्रुवारी ठरवलात तर महाशिवरात्र कधी आहे ते आधी बघा. देऊळ नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलेलं, काळ्या पाषाणाचं. गाभाऱ्यात उंच पिंडी शोधू नका: खळग्यात अंगठ्याएवढी तीन लिंगं आहेत. अंजनेरीचा डोंगर त्याच रस्त्यावर आहे, पण चढ दमवणारा. तिसऱ्या दिवशी तुम्ही दोघं मुलांना घेऊन पहाटे चढा, आईबाबांना हॉटेलवर राहू दे. पांडवलेणीलाही दोनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, तीही बाबांसाठी नाहीत.

इन्सुली नाका:
गोव्यातून बाटल्या भरून नेऊ नका. ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ हे लेबल हद्दीवरच्या तपासणी नाक्यावर लगेच दिसतं. महाराष्ट्रात 26 जानेवारीला ड्राय डे असतो, त्या लाँग वीकेंडला बुकिंग कराल तर टेस्टिंग हुकेल. टेस्टिंग दुपारी चारनंतरचं घ्या, मग सूर्यास्त धरणाच्या पाण्यावर मिळतो. आधी सुकी (गोड नसलेली) व्हाईट, मग गुलाबी रोझे, मग रेड, उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड लेट हार्वेस्ट शेवटी. गोड आधी प्यायलात तर पुढची प्रत्येक वाईन आंबट लागते. पोटात काहीतरी असू द्या. वाईनसाठीही 21 वर्षं लागतात, मुलांना रसच. आणि एकाने प्यायचंच नाही: रक्तात 100 मिलीला 30 मिलिग्रॅमच्या वर गेलं की गुन्हा. नाहीतर सरळ टॅक्सी करा.

म्हापसेकार:
मग मे रद्द. महाशिवरात्र सोडून फेब्रुवारीतला एखादा मंगळवार ते शुक्रवार बघतो, शाळेत अर्ज द्यावा लागेल. देव बरें करूं.