पाणी वाढवण्याआधी मुळं बघा

बटाट्याची झाडं दुपारी माना टाकतात, काय करावं, या प्रश्नावर सगळ्यांनीच पाण्याची एक पाळी वाढवायला सांगितलंय. जमीन खरंच कोरडी असेल तर ठीक. पण ओल असूनही शेतात ठिकठिकाणी झाडं खुरटलेली असतील, तर एखादं अलगद उपटून मुळं बघा. बटाट्याची मुळं मुळात उथळ, बहुतेक वरच्या फूट-दीड फुटातच. त्यात सूत्रकृमी (मातीतले अगदी बारीक, धाग्यासारखे कृमी) शिरले की ती आखूड राहतात आणि खालची ओल त्यांना गाठता येत नाही. निलगिरीत 1961 साली सापडलेल्या सोनेरी सूत्रकृमीचं हेच होतं: मुळांवर खसखशीएवढे पांढरे-पिवळे मणी दिसतात, आणि पाण्याचा ताण पडला की नुकसान आणखी वाढतं. तो थंड डोंगराळ भागातला. आपल्याकडे मुळांवर गाठी करणारा सूत्रकृमी जास्त भेटतो.

आणि जमीन कोरडी पडू देण्याचा आणखी एक तोटा आहे, तो कुणी लिहिला नाही. माती भेगाळली की पाकोळी (बटाट्यावरचा पतंग) त्या फटीतून थेट बटाट्यावर अंडी घालते. त्यामुळे भर (झाडाच्या बुडाशी माती) वेळेवर लावा, भेगा पडू देऊ नका. नुसती फवारणी करून मातीखालच्या अळीपर्यंत काही पोचत नाही.