इजिप्तवरची कादंबरी: दासी हेर होते, पण तपशील पटतात का?

शाईदौत:
काळ इ.स.पू. ११५५ च्या सुमाराचा, फारो (राजा) रामसेस तिसऱ्याची अखेर. ठिकाण थीब्ज. नायिका १४ वर्षांची, कनानमधून (आजच्या इस्रायल-पॅलेस्टाईनच्या भागातून) आणलेली, अंतःपुरात कामाला. राजाला मारायचा कट रचणारे तिला हाताशी धरतात. खर्ड्यात ती रात्री कुलूप उघडते, पपायरसवरचं (लव्हाळ्याच्या कागदावरचं) पत्र वाचते आणि सोन्याची नाणी घेते. काय चुकतंय?

रेतघड्याळ:
आधी नाणी काढा, तेव्हा नाणं नव्हतंच. मोल डेबेन या वजनात सांगत, एक डेबेन म्हणजे साधारण ९१ ग्रॅम. त्याचा दहावा भाग किते. रामसेस दुसऱ्याच्या काळातल्या एका व्यवहाराची नोंद टिकली आहे: सीरियन मुलगी ४ डेबेन १ किते चांदीला घेतली, पण प्रत्यक्षात दिलं काय, तर तेवढ्या मोलाचं कापड, ब्राँझची भांडी, मध. तुमच्या मुलीलाही लिननचं वस्त्र मिळू द्या. नाणं मुठीत मावतं, वस्त्र लपवावं लागतं. प्रसंग तिथेच सापडेल.

ओली माती:
कुलूपही नको. दाराच्या खुंट्यांना दोरी गुंडाळत, गाठीवर चिखलाचा गोळा थापत आणि त्यावर शिक्का उठवत. पत्रालाही तेच: घडी, दोरा, चिमूटभर माती, ठसा. उघडायचं म्हणजे ठसा मोडणं आलंच, तेव्हा नक्कल आधी करून ठेवायला हवी. वाळलेल्या ठशावर तेलाचं बोट फिरवायचं, नाहीतर मेण चिकटून कण उपटतात. मग कोमट मधमाशीचं मेण दाबायचं. निघालेला मेणाचा तुकडा हाच नवा शिक्का. मातीचा साचा केला तर तो वाळताना आकसतो, ठसा लहान उठतो आणि मुरलेल्या कारकुनाच्या नजरेत भरतो. मेणाचं वैरी ऊन: दुपारी कमरेला बांधून हिंडली तर बारीक रेषा बुजतात.

सगळ्यात मोठा धोका रंगाचा. ओला चिखल काळपट, वाळला की फिका. पहारा बदलायच्या आत तो वाळायला हवा, म्हणून हे काम पहाटेचं नाही, रात्र चढतानाचं.

शाईदौत:
आणि वाचन?

तुतारी:
ते मला अजिबात पटत नाही. वाचता येणारे मूठभर, त्यात परदेशी दासी कुठून असणार? तिनं ठसा मोडून पत्र न्यावं, वाचणारा दुसरा असावा. तिचं खरं बळ कानात आहे: कनानी बोली कळते हे कुणाच्या ध्यानातच नसतं, म्हणून परक्या चाकरांचं बोलणं तिच्यासमोर बिनधास्त चालतं.

निरोपाची वाट तर इतिहासानंच दिली आहे. या कटाच्या खटल्याचा पपायरस इटलीतल्या तुरिनला आहे. त्यात पेबेक्कामेन हा राजाच्या खासगी दालनाचा अधिकारी अंतःपुरातल्या बायकांचे निरोप बाहेर त्यांच्या आयांना आणि भावांना पोचवतो, आणि दारावरच्या माणसांच्या सहा बायकाही आरोपींत आहेत. तुमची मुलगी पेबेक्कामेन आणि त्या बायका यांच्या मधला दुवा होऊ शकते.

पकडली गेली तर चौकशी काठीनं, हातापायांवर. रामसेस नववा ते अकरावा या काळातल्या थडगेचोरीच्या खटल्यांत हे स्पष्ट लिहिलं आहे. अंधारकोठडी, साखळदंड रंगवत बसू नका.