त्रिकोणी डोंगर: घरी शिकवताना मुलांना चित्र काढून दाखवावं का? (एक चर्चा: वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव, खाली त्याचं मत)

पायथ्याचा
साताऱ्यात कुठल्याही मुलाला 'डोंगर काढ' म्हणा. दोन त्रिकोण, मधे अर्धा सूर्य, खाली वळणाची नदी. खिडकीबाहेर मात्र अजिंक्यतारा उभा असतो: सपाट माथा, त्याखाली उभा कडा, मग उतार. बसॉल्टच्या थरांचे आपले डोंगर असे पायऱ्यापायऱ्यांचे आहेत. त्रिकोण मुलानं पाहिलेला नसतो, कुणीतरी प्रेमानं काढून दाखवलेला असतो. म्हणून माझं ठाम मत: पालकांनी नमुना काढून दाखवू नये आणि मुलाच्या कागदावर तर पेन्सिल टेकवूच नये.

आधी ५ मिनिटं नुसतं बघायचं. माथा कुठे संपतो? कड्याचा उतार कुठे होतो? कुठली बाजू जास्त लांब? मग मऊ, गडद उठणारी ४बी पेन्सिल, वहीचं अर्धं पान, १० मिनिटं. खोडरबर द्यायचा नाही, नाहीतर मूल पहिल्याच रेषेवर अडकून बसतं. रंगवताना लांबचा डोंगर आधी, भरपूर पाण्यात किंचित निळा. तो पूर्ण वाळल्यावरच जवळचा. ओल्याला ओला लागला की दोन्ही रंग एकमेकांत पसरतात आणि डोंगरांमधलं अंतर नाहीसं होतं.

कित्तेवाली
पूर्ण असहमत. पाच-सहा वर्षांच्या मुलाला हे चालेल. नऊ-दहाव्या वर्षी नजर हाताच्या पुढे जाते. चित्र चुकलंय हे मुलाला दिसतं, पण दुरुस्त कसं करायचं ते कळत नाही, आणि तिथेच चित्रकला सुटते. गाणं शिकवताना 'ऐक आणि गा' एवढ्यावर कुणी थांबत नाही, सा लावून दाखवतात.

पाण्याचा तांब्या काढायचंच घ्या. मधोमध उभी अक्षरेषा. हात ताठ, एक डोळा मिटलेला, पेन्सिलीवर रुंदी मोजायची आणि ती उंचीत किती वेळा बसते ते बघायचं. कोपर वाकलं की पेन्सिल डोळ्याजवळ येते आणि माप बदलतं. मग तोंडाचं आणि बुडाचं लंबवर्तुळ. हमखास चुका दोन. तोंडाच्या दोन्ही टोकांना टोकदार कोपरे येतात, आणि बूड सरळ रेषेनं काढलं जातं, कारण तांब्या सपाट टेकलाय हे मुलाला ठाऊक असतं. बूड नजरेच्या जास्त खाली असतं, म्हणून रुंदीच्या मानानं त्याची गोलाई तोंडापेक्षा जास्त दिसते. हे वेगळ्या कागदावर २ मिनिटांत काढून दाखवता येतं. नुसतं बोलून समजावायला बसलात तर संध्याकाळ जाईल.

पायथ्याचा
ताई, वेगळा कागद हा मुद्दा मान्य. अक्षरेषा आणि लंबवर्तुळ ही अवजारं आहेत, ती जरूर दाखवा. माझा विरोध तयार तांब्याला आहे, आणि मोबाइलवर टप्प्याटप्प्यानं मोर काढायला शिकवणाऱ्या व्हिडिओंना तर फारच. खरंच शिकलंय का ते तपासणं सोपं आहे. दुसऱ्या दिवशी तांब्याऐवजी फुलपात्र ठेवा आणि मुलाला स्टुलावरून उठवून जमिनीवर बसवा. लंबवर्तुळ कालच्याइतकंच गोल आलं, तर ते बघून आलेलं नाही.

बेंदराची माती
सहा-सात वर्षांपर्यंत कागदाचा आग्रहच का? मातीचा बैल करायला द्या. चाळलेली माती रात्रभर भिजवायची. आपली काळी माती वाळताना फार आकसते आणि तडकते, म्हणून ४ वाट्या मातीला १ वाटी बारीक वाळू मळून घ्यायची. पाय वेगळे करून चिकटवले तर बहुतेक गळून पडतात, कारण धड आणि पाय सारखे ओले नसतात. एकाच गोळ्यातून पाय आणि मान ओढून काढायची. वशिंड शेवटी: वशिंड आणि पाठ, दोन्हीकडे जोडाच्या जागी काडीनं चरे पाडायचे, मातीचा पातळ चिखल लावायचा आणि दाबायचं. शिंगात काडी घालू नका. माती आकसते, काडी आकसत नाही, शिंग उभं चिरतं. सावलीत ३-४ दिवस वाळवा, पायांना ओलं फडकं गुंडाळून, कारण बारीक भाग आधी वाळतो. पुढून, मागून, बाजूनं बैल कसा दिसतो हे मुलाच्या हाताला कळतं. ते सांगायला कुठलाही नमुना लागत नाही.

ग्रेडवाले
तत्त्वं ठीक, पण एलिमेंटरीच्या, म्हणजे शाळकरी मुलांच्या सरकारी चित्रकला ग्रेड परीक्षेत वेळ मोजका असतो. स्मरणचित्राला, म्हणजे आठवून काढायच्या प्रसंगचित्राला, दोन-तीन प्रसंग पाठ असलेले बरे. बाजार, बसथांबा, पाणवठा. पालकांनी ते पक्के करून घ्यावेत.

पायथ्याचा
विषय जरा बदलला की पाठ केलेलं चित्र कोसळतं. त्यापेक्षा साताऱ्याच्या राजवाडा चौपाटीवर बसून २-२ मिनिटांत उभी माणसं काढायची, रोज पाच. मोठा माणूस साधारण सात डोक्यांएवढा उंच, पाच-सहा वर्षांचं मूल साडेपाच. आणि एक नियम: बघणारा सपाट जागेवर उभा असेल, तर लांबच्या-जवळच्या सगळ्या उभ्या मोठ्या माणसांची डोकी जवळपास एकाच ओळीत येतात, पावलं खालीवर होतात. मुलं पावलं ओळीत ठेवतात, म्हणून गर्दी भिंतीवर चिकटवल्यासारखी दिसते.

कित्तेवाली
डोक्यांचा हा नियमही शेवटी रेघ मारून दाखवावाच लागतो ना! बघून उतरवण्याला कमी लेखू नका. सातारा जिल्ह्यातल्या औंधचं भवानी संग्रहालय १९३८चं, उभारलं ते स्वतः चित्रं काढणाऱ्या राजानं, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी. राजा रविवर्मांची चित्रं तिथे आहेत. परवानगी घेऊन मुलाला फक्त एक हात निवडू द्या. आधी मनगटाचा कल, मग बोटांमधल्या रिकाम्या जागांचे आकार, बोटं सगळ्यात शेवटी. पूर्ण चित्र उतरवायला बसवू नका, अर्ध्या तासात मूल कंटाळतं. नंतर बाहेर येऊन स्वतःचा डावा हात तसाच काढायला सांगा.