मदत हवी आहे: १९९६ च्या तोंडी वाटपाचा फेरफार आईच्या हिश्शाला आडवा येईल का?

नमस्कार मंडळी,

आईच्या माहेरच्या जमिनीबद्दल विचारायचं आहे. करवीर तालुक्यात नदीकाठची चार एकर वडिलोपार्जित जमीन, सगळा ऊस. आजोबा २००१ मध्ये वारले, मृत्युपत्र नाही. आजी हयात आहे. आई आणि दोन मामा. आजोबांच्या मागे वारसनोंद झाली तेव्हा आजीचं आणि मामांचं नाव लागलं, आईचं लावलंच नाही.

थोरले मामा म्हणतात, "तिचं लगीन ८८ सालचं, अण्णा (म्हणजे आजोबा) २००५ च्या आधी गेले. तिचा हक्क बसतच नाही." लग्नाचा मुद्दा हिंदू वारसा कायद्याला महाराष्ट्राने केलेल्या १९९४ च्या दुरुस्तीतला आहे. २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलींना तिच्यात वगळलं होतं. मुलींना मुलांसारखाच हक्क देणाऱ्या २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीत अशी अट नाही. दुसरा मुद्दा प्रकाश विरुद्ध फुलवती या २०१५ च्या निकालाचा. ही दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, ९ सप्टेंबर २००५ रोजी, वडील हयात हवेत असं त्यात म्हटलं होतं. पण तो दोन न्यायमूर्तींचा निकाल होता, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो मोडीत काढला. मुलीचा हक्क जन्मानेच येतो, वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा राज्यघटनेच्या कलम १४१ प्रमाणे सगळ्या कोर्टांवर बंधनकारक आहे, तरी गावात अजून २०१५ चाच निकाल पुढे केला जातो.

फरक किती पडतो ते बघा. जुन्या कायद्याने, गुरुपाद विरुद्ध हिराबाई या १९७८ च्या निकालाप्रमाणे, आजोबांच्या मृत्यूआधी वाटप झालं असं धरायचं: आजोबा, आजी, दोन मामा, प्रत्येकी पाव. आजोबांच्या पाव हिश्शाचे पुन्हा चार वाटे, म्हणजे आईला दहा गुंठे. मुलगी सहदायाद, म्हणजे मुलांसारखीच जन्माने वाटेकरी, धरली तर पाच वाटे होतात आणि आजोबांच्या वाट्यातला तिचा भाग मिळून तिला चाळीस गुंठे, म्हणजे एक एकर. आणि जुन्या कायद्यानेही दहा गुंठे तिचे होतेच की! तेही दिले नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

आता खरी अडचण. मामांनी १९९६ चा एक फेरफार (तलाठ्याकडची हक्क बदलाची नोंद) काढलाय. आजोबा आणि दोन मुलं यांच्यात तोंडी वाटप झाल्याची तलाठ्याकडे दिलेली वर्दी (खबर), त्यावरून तिघांची नावं. नोंदणीकृत वाटणीपत्र नाही, जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ चा तहसीलदारांचा वाटपाचा आदेश नाही, कोर्टाचा हुकूमनामा नाही. मोजणी नाही, पोटहिस्से पडले नाहीत, शेतात मध्ये बांधसुद्धा घातलेला नाही. आईने पत्र्याच्या पेटीतून कारखान्याची जुनी ऊसबिलं काढली. १९९७ पासून २००१ पर्यंतची सगळी बिलं आजोबांच्याच नावावर, पूर्ण चार एकरांच्या उसाची. विकास सोसायटीचं पीककर्जही त्यांच्याच नावावर होतं.

२० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या वाटपाला २००५ ची दुरुस्ती हात लावत नाही, पण ते नोंदणीकृत किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याचं हवं. तोंडी वाटप अपवाद म्हणूनच मानायचं, सार्वजनिक कागदपत्रांचा भक्कम आधार असेल आणि हुकूमनाम्याने झाल्यासारखं ते पक्कं दिसत असेल तरच, असं विनीता शर्मा निकालात आहे. मग नुसता वर्दीचा फेरफार असा आधार ठरतो का? फेरफार महसुलासाठी असतो, त्याने मालकी ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलंय. पण तो सार्वजनिक कागद आहेच, मामांचा वकील त्यावरच जोर देणार.

कोल्हापूर, सांगली भागात कुणाच्या वाटपाच्या दाव्यात असा फेरफार आला होता का? कोर्टाने काय धरलं? ऊसबिलं आणि सोसायटीचे उतारे पुरावा म्हणून उपयोगी पडले का? १८ ऑगस्ट २०२५ पासून इथे कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय, तिथला यावर एखादा निकाल माहीत असेल तर नक्की सांगा.

आईला कोर्टात जायचं नाही. मामा अजून पंचमीला तिला न्यायला येतात, ते थांबेल ही तिची भीती. साडीचोळीवर बोळवण करून हक्कसोडपत्रावर सही घ्यायचं चाललंय, ती मी सध्या थांबवली आहे. दाव्याआधी वकिलाची नोटीस पाठवावी, की आधी घरात बसून नोंदणीकृत वाटणीपत्राचं बोलावं? ज्यांनी यातलं काही केलंय त्यांनी कृपया लिहा. फेरफाराची नक्कल आणि ऊसबिलं माझ्याकडे आहेत, त्यातलं काय बघायचं ते सांगितलंत तर इथे लिहून देईन.