केबल आवळून हा आजार जाणार नाही

तीनदा हँडब्रेकची केबल आवळूनही महिन्याभरात लिव्हर पुन्हा पार वरपर्यंत ओढावा लागतो, असं तुम्ही म्हणताय. माझ्या १४ वर्षांच्या डिझेल एसयूव्हीचं अगदी हेच झालं होतं, म्हणून कळकळीने सांगतो, चौथ्यांदा आवळू नका. मागच्या चाकांचे ब्रेक ड्रम उघडायला लावा.

ब्रेक लावला की आतले शू ड्रमला आतून दाबतात, आणि त्यांच्यावरचा घासणारा थर म्हणजे लायनर. लायनर झिजले की शू आणि ड्रममधलं अंतर वाढतं. ते भरून काढायला आत दातेरी चाकाचा अ‍ॅडजस्टर असतो. कोकणातल्या दमट हवेत माझा गंजून जाम झाला होता. मेकॅनिक मात्र दरवेळी ड्रम न उघडता केबलच ताणायचा. ताणलेल्या केबलमुळे शू पूर्ण मागे येत नाहीत, चाक घासत राहतं आणि ड्रम तापतो.

शेवटी मी शेजारी बसून ड्रम उघडून घेतले. डावीकडून मूठभर काळी पूड पडली. उजवीकडचे लायनर चक्क ओले, बोट लावलं तर गियर ऑइलचा उग्र वास. अ‍ॅक्सलचं तेल अडवणारं सील गळत होतं! तेल प्यायलेले लायनर पॉलिश पेपरने घासून परत बसवू देऊ नका. सील बदला आणि लायनर दोन्ही बाजूंचे नवे टाका.

बसवताना आधी केबल पूर्ण सैल, मग अ‍ॅडजस्टर फिरवून शू ड्रमला जेमतेम लागतील इतके, आणि केबल सगळ्यात शेवटी. तोवर उतारावर गाडी गियरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावाच.