आप्पांनी स्क्रीनवरच्या नंबरला फोन लावला, आता काय करू? (सांगली)

पट्टीवाला_सांगली · रविवार, सकाळी ८:४०

नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. आमचं मार्केट यार्डात बेदाण्याचं अडत दुकान आहे. आप्पा (वडील, वय ६८) आता दुकानात कमीच येतात, घरी विश्रामबागेत बसून टॅलीत (हिशेबाचं सॉफ्टवेअर) पट्ट्या (शेतकऱ्याच्या विकलेल्या मालाचा हिशेब) चढवतात. काल दुपारी तासगावकडच्या रानाचा सातबारा काढायला बसले, गूगलवर टाकलं आणि वर पहिलं जे आलं त्यावर क्लिक केलं, तिथनं अजून कशावर तरी, आणि अचानक अख्खा स्क्रीन निळा. मधे लाल चौकोन, मायक्रोसॉफ्टचं ते चार रंगांचं चिन्ह, स्पीकरमधनं सायरन, आणि वरनं एक बाई हिंदीत सांगतीय की तुमचा कॉम्प्युटर लॉक केलाय, बंद करू नका, बंद केला तर सगळा डेटा जाईल, ताबडतोब या टोल-फ्री नंबरवर फोन करा. बंद करायची फुली कुठंच दिसत नव्हती, माऊसचा बाण पण हलत नव्हता म्हणे.

आप्पांच्या डोक्यात एकच, की यात सगळ्या शेतकऱ्यांच्या पट्ट्या आहेत. लावला फोन.

पलीकडचा माणूस लई सभ्य, दर वाक्याला सर सर. त्यानं विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबायला लावलं, एकेक अक्षर सांगून काहीतरी टाईप करून घेतलं आणि एक यादी उघडली, त्यात पिवळे त्रिकोण आणि लाल गोळे. म्हणाला हे बघा सर, एवढे व्हायरस आत शिरलेत. मग एनीडेस्क (लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर) टाकायला लावलं आणि पुढचं सगळं तोच करायला लागला, आप्पा नुसते बघत बसले. शेवटी तीन वर्षाची सिक्युरिटी म्हणून ८,९९९ रुपये मागितले, आप्पांनी डेबिट कार्डाचा नंबर टाकला, ओटीपी पण सांगितला. पैसे गेले. त्यावर तो म्हणतोय आता नेट बँकिंग उघडा, तुमचं खातं सुरक्षित आहे का ते बघू. आप्पा पासवर्डची वही शोधायला उठले आणि तेवढ्यात लाइट गेली. यूपीएसची बॅटरी चार महिने मेलेली, मी आज बदलतो उद्या बदलतो करत होतो, म्हणून पीसी धाडकन बंद. माझा आळस आयुष्यात पहिल्यांदा कामाला आला.

रात्री जेवताना आप्पा गप्प होते म्हणून खोदून विचारलं तेव्हा हे सगळं बाहेर आलं. आता विचारायचंय हे, की पीसी चालू करू का नको, पैसे मिळतील का, आज रविवार म्हणून बँक उद्याच उघडणार तोवर काय करायचं, आणि टॅलीचा डेटा गेला का राहिला? त्या माणसाचे फोन अजून येतायत.

---

मी_पण_कुपवाडचा · ९:०२

फॉर्मॅट मारा, विषय संपला

---

स्क्रूड्रायव्हर_मिरज · ९:२५

फॉर्मॅट नंतर बघू हो, आधी पैशाचं बघा. पट्टीवाले, हे वाचत असाल तर वाचणं थांबवा आणि १९३० ला फोन लावा. सायबर फ्रॉडचा सरकारी हेल्पलाईन नंबर आहे, रविवारी पण चालतो. लागला नाही तर परत लावा, नाहीच लागला तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाका. पैसे कुठल्या खात्यात पडलेत तिथनं पुढं गेले नसतील तर तिथंच अडवता येतात, पण ही लोकं तासाभरात पैसे दहा खात्यांत पांगवतात. तुमचा अख्खा एक दिवस आधीच गेलाय.

आता पीसी. इंटरनेटची वायर काढा, वायफाय असेल तर राऊटरच बंद करा, मगच पीसी चालू करा. नेट नसलं की तो माणूस आत येऊ शकत नाही. क्रोमनं विचारलं की मागची पानं परत उघडू का, तर नाही म्हणायचं, नाहीतर तोच सायरन परत सुरू.

माझं रिपेअरिंगचं दुकान आहे, महिन्याला अशा दोन-तीन केसेस येतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. तो जो निळा स्क्रीन आला ना, ते काय तुमचं विंडोज नव्हतंच. ते एक वेबसाइटचं पान होतं, बातम्यांचं असतं तसंच, फक्त फुल स्क्रीन केलेलं. सायरन म्हणजे त्या पानात घातलेली ऑडिओ फाईल. माऊस अडकत नाही, बाण लपवतात किंवा खोट्या बाणाचं चित्र दाखवतात. वेबसाइटला तुमच्या हार्ड डिस्कमध्ये व्हायरस आहे का नाही हे कळतच नाही. तुमचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) आणि शहराचं नाव दाखवून घाबरवतात, पण ते तर तुम्ही उघडता त्या प्रत्येक साइटला दिसत असतं. आप्पांनी फोन लावला नसता तर काही म्हणजे काही झालं नसतं.

त्यातनं बाहेर पडायला एस्केपचं बटण दाबून धरा, नुसतं टिचकी मारल्यासारखं नाही, चांगलं तीन-चार सेकंद. वर टॅब दिसायला लागले की बंद करा. नाही जमलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम, टास्क मॅनेजर उघडतो, त्यात ब्राउझर धरून एन्ड टास्क. तेही नको असेल तर पॉवर बटण दाबून धरा. 'बंद केला तर डेटा जाईल' हे त्यांचं भ्या दाखवणं आहे, तुमच्याकडं लाइटीनं बंद केलाच की.

आणि ती लाल-पिवळी यादी! ते इव्हेंट व्ह्यूअर. विंडोजची रोजची डायरी म्हणा. प्रिंटर सापडला नाही, अपडेट अर्धवट राहिलं, घड्याळ जुळलं नाही, असलं सगळं त्यात लिहिलेलं असतं. काल खोक्यातनं काढलेल्या नव्या लॅपटॉपमध्ये पण लाल गोळे सापडतील. खोटं वाटत असेल तर आत्ता विंडोज आणि आर दाबा, 'इव्हेंटव्हीडब्ल्यूआर' हा शब्द इंग्लिशमध्ये टाका आणि स्वतःच्या मशिनचं बघा. नेमकी हीच यादी दाखवतात कारण ती खरोखर तुमच्याच मशिनमधली असते, मग माणसाचा विश्वास बसतो.

मायक्रोसॉफ्टनं स्वतः सांगितलंय की त्यांच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला की खोटं. एवढं एक आप्पांना सांगा, बाकीचं सगळं विसरले तरी चालेल.

---

पट्टीवाला_सांगली · १०:१०

१९३० लागला, तिसऱ्या प्रयत्नात. तक्रार घेतली, नंबर मेसेजवर आलाय. ट्रान्झॅक्शनचा नंबर, वेळ, खातं सगळं विचारतात, मेसेज समोर ठेवून फोन करा कुणाला करायचा असेल तर. बाकी आता बँकेचं कस्टमर केअर शोधतोय गूगलवर.

---

निवृत्त_पासबुक · १०:१८

थांबा! गूगलवर बँकेचा नंबर शोधू नका. तिथंपण खोटे नंबर टाकून बसलेली मंडळी आहेत, एका खड्ड्यातनं निघून दुसऱ्यात पडाल. कार्ड उलटं करा, मागं नंबर छापलेला आहे, त्यालाच फोन करा. कार्ड ब्लॉक करा, नेट बँकिंगचा पासवर्ड दुसऱ्या मोबाइलवरून बदला, त्या पीसीवरून अजिबात नाही.

मी ३४ वर्षं बँकेत होतो त्यामुळं पैशाबद्दल गोड बोलणार नाही. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढलं होतं. त्यात असं की ग्राहकानं स्वतःच ओटीपी वगैरे दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, आणि कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे ८,९९९ ची खात्री नाही, पण तुम्ही आत्ता फोन करून तक्रार नंबर घेतला की पुढचं कुलूप लागलं. म्हणून उद्या शाखा उघडायची वाट बघायची नाही, शनिवार-रविवारीच ही मंडळी हात मारतात ते उगाच नाही. उद्या शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या, सोबत १९३० चा तक्रार नंबर जोडा, कार्डाचा व्यवहार आहे म्हणून डिस्प्यूट फॉर्म (व्यवहारावर हरकत घ्यायचा) मागा, आणि पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. 'ठेवून जा, साहेब आल्यावर बघतो' म्हणाले तरी नाही.

अजून एक. हे लोक परत फोन करतील आणि आता म्हणतील की साहेब तुमचा रिफंड मंजूर झालाय. स्क्रीन घेऊन तुमच्याच खात्याच्या पानावरचे आकडे बदलून दाखवतात, आठ हजाराच्या जागी ऐंशी हजार जमा झालेले दिसतात, खात्यात प्रत्यक्षात काहीच आलेलं नसतं. मग रडायला लागतात, चुकून जास्त गेले, माझी नोकरी जाईल, उरलेले परत पाठवा. आपला माणूस भिडेखातर स्वतःचे पैसे पाठवतो. वडिलांना आजच सांगून ठेवा.

---

फुल्ल_चार्ज · ११:०५

राग मानू नका पण एवढे व्यापारी लोक, रोज लाखाचे व्यवहार करतात आणि कुणीतरी सर सर केलं की ओटीपी देतात?? कमाल आहे

---

पट्टीवाला_सांगली · ११:२०

राग नाही पण एक सांगतो. आमचे आप्पा बेदाण्याचा दाणा दोन बोटात दाबून सांगतात किती ओला आहे, सौद्यात त्यांना आजवर कुणी गंडवलेलं नाही. पण तिथं माल समोर असतो. इथं काय दाबून बघणार?

---

स्क्रूड्रायव्हर_मिरज · ११:३१

बरोबर आहे. माझ्याकडं या महिन्यात एक इंजिनियर पण हेच करून आला होता, तो तर पोलिसात पण जायला तयार नाही, लाज वाटते म्हणे.

आणि ही काय गल्लीतली पोरं नव्हेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयनं ऑपरेशन चक्र-२ म्हणून देशभर ७६ ठिकाणी छापे टाकले, त्यात मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉननं केलेल्या तक्रारींच्या केसेस पण होत्या. टेक सपोर्टच्या नावाखाली कॉल सेंटर चालवून परदेशातल्या लोकांना लुटायचे. पगारी माणसं, समोर लिहिलेला संवाद, कुठं घाबरवायचं कुठं धीर द्यायचा सगळं ठरलेलं.

---

माई_सातारकर · १२:४५

मला जरा वेगळाच त्रास होता पण याच्याच जातीतला म्हणून लिहिते. माझ्या मोबाइलवर दर पाच मिनिटाला यायचं, तुमच्या फोनमध्ये ५ व्हायरस, बॅटरी खराब होतेय, लगेच साफ करा. कुठलं ॲप टाकलेलं नाही, काही नाही. झोप उडाली होती. इथं साताऱ्यात एका दुकानात दाखवलं तर त्यानं ६०० रुपये घेऊन सगळा फोन रिकामा करून दिला, नातवाचे बारशाचे फोटो गेले, आणि पंधरा दिवसात परत तेच सुरू. शेवटी भाचीनं दोन मिनिटात काढलं. झालेलं असं की कंदी पेढ्याची रेसिपी बघताना एका साइटनं विचारलेलं 'तुम्ही रोबोट नाही ना, मग अलाऊ दाबा', आणि मी दाबलेलं. म्हणजे नोटिफिकेशन पाठवायची परवानगी मीच दिलेली! क्रोममध्ये वरचे तीन टिंब, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, तिथं ज्या साइट्सना अलाऊ आहे त्यातल्या अनोळखी सगळ्या काढून टाकायच्या. तुमच्या वडिलांच्या कॉम्प्युटरवर पण बघा हो.

---

स्क्रूड्रायव्हर_मिरज · १:१०

माई एकदम बरोबर. पीसीवर पण हेच असतं, उजव्या कोपऱ्यात खाली येतात ते बऱ्याचदा यातलेच.

पट्टीवाले, आता तुमचं मशिन. नेट बंद ठेवूनच सेटिंग्ज, ॲप्समध्ये जा आणि तारखेप्रमाणे लावा. काल जे जे बसलंय ते दिसेल. एनीडेस्क काढा. ते सॉफ्टवेअर स्वतः चांगलं आहे, मी जतच्या गिऱ्हाइकांचं काम त्यावरच करतो, पण त्यात पासवर्ड लावून ठेवला की मालकानं होय म्हणायची पण गरज राहत नाही, तो कधीही आत येतो. एकाच्या आड दुसरं पण घालून ठेवतात, टीमव्ह्यूअर, अल्ट्राव्ह्यूअर, जे तुम्ही टाकलेलं नाही ते काढा. मग टॅलीच्या डेटाचा फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. फक्त डेटा, सॉफ्टवेअरच्या फायली नाहीत. एवढं झालं की कुपवाडकरांचं ऐका आणि फॉर्मॅट मारा, कारण परका माणूस वीस मिनिटं आत होता, त्यानं अजून काय करून ठेवलंय ते कोण शोधत बसणार.

---

मी_पण_कुपवाडचा · १:१२

मी पहिल्यांदाच बोल्लो होतो 😎

---

निवृत्त_पासबुक · १:४०

सातबाऱ्याबद्दल राहिलं. गूगलवर सगळ्यात वर ज्यावर 'स्पॉन्सर्ड' लिहिलेलं असतं ती जाहिरात असते, सरकारी साइट असेलच असं नाही. महाभूमीच्या (सातबाऱ्याची सरकारी साइट) साइटचा पत्ता शेवटी गव्ह डॉट इन आहे का बघायचं. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो. ती साइट एकदा नीट उघडून त्यांच्या डेस्कटॉपवर शॉर्टकट करून ठेवा, परत शोधायची वेळच येऊ देऊ नका.

---

पट्टीवाला_सांगली · बुधवार, रात्री ९:५०

सगळ्यांना अपडेट. पीसी उघडला तर एनीडेस्कबरोबर अल्ट्राव्ह्यूअर पण निघालं, मिरजकर तुमचा अंदाज बरोबर. टॅलीचा डेटा सगळा आहे, पट्ट्या मोजून बघितल्या आप्पांनी, दोनदा. फॉर्मॅट झाला. शॉर्टकट केला. यूपीएसची बॅटरी पण बदलली, आता वाईट वाटतंय थोडं.

पैशाचं अजून काही नाही. शाखेत आधी पोच द्यायला कां-कूं केली, पण पासबुककाकांचं ऐकून मी काउंटरवरच उभा राहिलो, अर्ध्या तासानं शिक्का मिळाला. डिस्प्यूट फॉर्म भरलाय, बघू.

आणि काल दुकानात त्या माणसाचा परत फोन आला, आप्पांच्याच मोबाइलवर. सर तुमचा रिफंड आलाय. आप्पांनी काही न बोलता फोन दिवाणजींच्या हातात दिला. दिवाणजी जतकडचे, त्यांनी सरळ कानडीत सुरुवात केली, आणि तो हिंदीत रिफंड रिफंड करतोय तर हे त्याला एक नंबर पिवळ्या बेदाण्याचा दर सांगतायत, किलोला एवढं, बॉक्स किती पाठवू, गाडीभाडं तुमच्याकडं. सात मिनिटं. शेवटी त्यानंच कापला. आप्पा शनिवारपासनं पहिल्यांदा हसले, म्हणाले, "पट्टी केली का त्याची?"